कॅसेटवर चिकटवलेली काडी

'रेज अगेन्स्ट द मशीन' या बँडचा पहिला अल्बम १९९२च्या नोव्हेंबरात निघाला. या ध्वनिमुद्रणात सॅम्पल, कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वापरलेला नाही, असा खुलासा त्याच्या आतल्या कागदावर मुद्दाम छापला होता. तो गरजेचाच होता. अल्बम ऐकताना मध्येच डीजेने तबकडी पुढे-मागे घासल्याचा आवाज येतो, कुठे सायरन वाजतो, कुठे मशीनगनसारखा तुटक मारा होतो. हे सगळं टॉम मोरेलो या एका माणसाने एका गिटारवर वाजवलेलं आहे, यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसणं कठीण होतं.

या बँडबद्दल लोकांच्या लक्षात राहतात त्या शिव्या, उलटे टांगलेले झेंडे आणि गायक झॅक डे ला रोचाच्या मानेवरच्या ताणलेल्या शिरा. मला मात्र ही गाणी ऐकताना दरवेळी जाणवते ती काटकसर. ड्रम, बास, गिटार आणि गळा, यापलीकडे काही नाही. एकेक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, इतकी साधी की नवशिक्यालाही आठवडाभरात बसेल, आणि दोन ठोक्यांच्या मधे भरपूर मोकळी जागा. त्या जागेतच शब्द मावतात. हिप-हॉप, पंक आणि मेटल एकत्र आणणारे यांच्या आधीही होते आणि नंतर तर ढिगाने आले. यांनी या तिन्हींतलं काय ठेवायचं यापेक्षा काय टाकायचं हे आधी ठरवलं, म्हणून ते वेगळे.

आधीच्यांचं ऋण मोठं आहे. वॉशिंग्टनचा 'बॅड ब्रेन्स' हा कृष्णवर्णीय तरुणांचा बँड सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गोऱ्या पोरांपेक्षा दुप्पट वेगाने हार्डकोर पंक वाजवत होता आणि त्याच बैठकीत रेगेही. न्यूयॉर्कचे 'बीस्टी बॉईज' रॅपकडे वळण्याआधी हार्डकोर बँड होते. 'रन-डीएमसी'ने १९८६मध्ये 'एरोस्मिथ'चं जुनं गाणं त्यांच्याच साथीने नव्याने केलं, तेव्हा रॉक आणि रॅप यांच्यातली भिंत घराघरातल्या टीव्हीवर पडली. १९९१मध्ये 'अँथ्रॅक्स' या मेटल बँडने 'पब्लिक एनिमी'बरोबर त्यांचं 'ब्रिंग द नॉईज' पुन्हा रेकॉर्ड केलं. पण या बहुतेक भेटींमध्ये एक पाहुणा होता आणि एक यजमान. रॅपवाल्यांच्या घरी गिटार आली, किंवा गिटारवाल्यांच्या घरी रॅप. दोघांनी मिळून घर बांधलं असं क्वचितच झालं.

ते लॉस एंजेलिसमध्ये १९९१मध्ये झालं. त्याच वर्षी ३ मार्चला त्या शहराच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर बेदम मारलं होतं आणि शेजारच्या एका रहिवाशाने ते व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपलं होतं. सगळ्या अमेरिकेने ती फीत पाहिली. पुढच्या वर्षी, २९ एप्रिल १९९२ला, ज्युरीने त्या पोलिसांना जवळजवळ सगळ्या आरोपांतून मोकळं केलं आणि शहर पेटलं. साठहून अधिक माणसं मेली. रेजचा जन्म या दोन तारखांच्या मधला आहे.

झॅकची गोष्ट मात्र त्याच्या बरीच आधी सुरू होते. त्याचे वडील बेटो डे ला रोचा चित्रकार. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, म्हणजे चिकानो, चित्रकारांच्या 'लॉस फोर' या चौघांच्या गटातले ते एक. १९७४मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या कलासंग्रहालयात या गटाचं प्रदर्शन भरलं. एवढ्या मोठ्या संग्रहालयात चिकानो कलेला जागा मिळण्याची ती पहिली वेळ. आईवडील वेगळे झाले. आई पीएच.डी. करण्यासाठी इर्व्हाईन या सधन, बहुतांशी गोऱ्या उपनगरात गेली आणि मुलगा तिच्याबरोबर. तिथे मेक्सिकन माणूस दिसायचा तो बहुधा झाडू किंवा बागेची कात्री हातात घेतलेला, असं झॅकने सांगितलेलं आहे. एकदा वर्गात शिक्षकाने सरहद्दीजवळच्या तपासणी नाक्याचा उल्लेख करताना मेक्सिकनांसाठीची शिवी सहज वापरली. वर्ग हसला. तो गप्प बसून राहिला, आणि असं गप्प पुन्हा कधी बसायचं नाही हे त्याने तिथेच ठरवलं. ही आठवण त्याने मुलाखतींमध्ये सांगितली आहे. त्याचा पुढचा सगळा आवाज त्या बाकावरून निघालेला आहे असं मला वाटतं.

दुसरी आठवण याहून जड. वडिलांचं मन बिघडत गेलं. बायबलचा शब्दशः अर्थ लावून त्यांनी प्रतिमा घडवणं पाप मानलं आणि स्वतःची चित्रं नष्ट केली. शनिवार-रविवारी भेटायला येणाऱ्या मुलाला पडदे लावलेल्या घरात त्यांच्याबरोबर उपास करावा लागे आणि त्या विध्वंसात हातही लावावा लागे. ज्या माणसाने संग्रहालयाचं दार उघडलं त्यानेच आपलं काम आगीत घातलं, हे पोराने डोळ्यांनी पाहिलं. झॅक नंतर आपल्या शब्दांबद्दल इतका हट्टी, इतका कंजूष का झाला, वर्षानुवर्षं रेकॉर्ड केलेली गाणी बाहेर का येऊ देईना, याचं कारण मी इथे शोधतो. हा माझा तर्क आहे, पण तो सोडवत नाही.

शाळेपासूनचा त्याचा मित्र टिम कॉमरफर्ड. झॅक आधी हार्डकोर पंकमध्ये गेला. 'इनसाइड आउट' या त्याच्या बँडची छोटी रेकॉर्ड १९९०मध्ये 'रेव्हलेशन' या स्वतंत्र कंपनीने काढली. हार्डकोरचं जग छोटं होतं आणि त्याचे नियम कडक होते: तिकीट स्वस्त, मंच बुटका, गायक आणि श्रोता यांच्यात अंतर नाही, आणि हाताने छापलेल्या मासिकांतून चालणारं स्वतःचं वार्तापत्र. अशाच एका मासिकाच्या संपादकाने वापरलेले शब्द 'इनसाइड आउट'च्या एका गाण्याचं नाव झाले, आणि तो बँड मोडल्यावर तेच नाव नव्या बँडला मिळालं. झॅक तोवर शहरातल्या क्लबांमध्ये जाऊन आयत्या वेळी रॅप करू लागला होता. हार्डकोरने त्याला किंचाळायला शिकवलं होतं. किंचाळताना शब्द ऐकू कसे जातील हे त्याला रॅपने शिकवलं.

टॉम मोरेलो वयाने त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आणि अगदी वेगळ्या वाटेने आलेला. वडील केनियाचे, संयुक्त राष्ट्रांतल्या त्या देशाच्या शिष्टमंडळातले मुत्सद्दी. आई मेरी मोरेलो शिक्षिका. टॉमचा जन्म न्यूयॉर्कच्या हार्लेममधला, पण वडील परत गेल्यावर आईने त्याला शिकागोजवळच्या लिबर्टीव्हिल या गोऱ्या गावात एकटीने वाढवलं. घराच्या गॅरेजमध्ये कुणीतरी गळफास टांगून ठेवला होता, असं त्याने सांगितलं आहे. मेरीबाईंचं नाव इथे आदराने घ्यायला हवं. रॉक आणि रॅपच्या गाण्यांवर सेन्सॉरशिप आणू पाहणाऱ्यांविरुद्ध त्यांनी १९८७मध्ये पालकांची संघटना उभी केली होती, मुलगा नावारूपाला येण्याच्या कितीतरी आधी.

टॉमने गिटार उशिरा, सतराव्या वर्षाच्या आसपास धरली आणि मग रोजचे आठ आठ तास तिच्यावर घातले, हार्वर्डमध्ये शिकत असतानाही. १९८६मध्ये पदवी घेऊन तो लॉस एंजेलिसला आला आणि पोटापाण्यासाठी सिनेटर अॅलन क्रॅन्स्टन यांच्या कचेरीत लागला. साहेबांच्या भेटीगाठी ठरवण्याचं काम. साहेबांचा दिवस प्रामुख्याने श्रीमंतांना फोन करून पैसे मागण्यात जातो हे त्याने तिथे पाहिलं. एकदा एका बाईंचा फोन आला. शेजारी मेक्सिकन राहायला येतायत, अशी त्यांची तक्रार. टॉमने त्यांना तुम्ही वंशद्वेष्ट्या आहात असं सरळ सांगितलं. कचेरीत बोलणी त्यालाच खावी लागली. मतदारसंघातल्या नागरिकाला खरं सांगता येत नसेल तर इथे आपलं काम नाही, हे त्याला तेव्हा कळलं. मधे 'लॉक अप' नावाच्या बँडमध्ये तो होता. मोठ्या कंपनीने त्यांचा एक अल्बम १९८९मध्ये काढला आणि तो न चालल्यावर बँडला सोडून दिलं. कंपनीचा करार म्हणजे काय, याचा धडा तो रेजच्या आधी शिकला होता. 'लॉक अप'साठी चाचणी द्यायला आलेला आणि न निवडलेला ड्रमर ब्रॅड विल्क त्याच्या लक्षात राहिला होता. झॅक त्याला एका क्लबात रॅप करताना सापडला, झॅकने टिमला बास घ्यायला लावलं आणि चौघं जमले.

२३ ऑक्टोबर १९९१. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या नॉर्थरिज आवारातलं मोकळं पटांगण, भर दुपारचं ऊन. बँडचा हा पहिला जाहीर कार्यक्रम. त्याचं चित्रण आजही पाहायला मिळतं आणि ते पाहावंच. तासांच्या मधल्या वेळात विद्यार्थी इकडून तिकडे जातायत, समोर विरळ गर्दी, आणि समोर हजारो असल्यासारखे हे चौघं वाजवतायत. पुढे जगभर गाजलेलं 'किलिंग इन द नेम' त्या दिवशी नुसतं वाजवलं गेलं. त्याला अजून शब्द नव्हते.

त्या गाण्याची रिफ टॉमला शिकवणी घेताना सापडली. गिटारची सर्वांत जाड तार एक सूर खाली उतरवायची पद्धत तो एका विद्यार्थ्याला दाखवत होता. दाखवता दाखवता बोटं भलतीकडेच गेली, आणि त्याने शिकवणी थांबवून ती रिफ छोट्या कॅसेट रेकॉर्डरवर टिपून ठेवली.

कार्यक्रमांत विकण्यासाठी बँडने बारा गाण्यांची कॅसेट स्वतःच काढली. मुखपृष्ठावर वर्तमानपत्रातलं शेअर बाजाराच्या भावांचं पान, आणि त्यावर चिकटपट्टीने लावलेली आगपेटीची एक खरी काडी. मला हे मुखपृष्ठ पुढे अल्बमवर आलेल्या प्रसिद्ध मुखपृष्ठापेक्षाही आवडतं. घोषणा नाही, चित्र नाही, फक्त दोन वस्तू शेजारी ठेवलेल्या. ना वितरक, ना जाहिरात, तरी हातोहात पाच हजार प्रती खपल्या. बारांपैकी सात गाणी पुढे पहिल्या अल्बमात आली. त्यावरून ध्यानात येतं की कंपनीच्या दारात जाण्याआधीच बँड शिजून तयार होता.

कंपन्या मागे लागल्या. बँडने 'एपिक'शी करार केला. एपिक म्हणजे सोनी, म्हणजे जगातल्या मोठ्या भांडवलदारी यंत्रांपैकी एक. भूमिगत हार्डकोरच्या मंडळींना हा विश्वासघात वाटला आणि तो आरोप बँडच्या मानगुटीवरून कधी उतरला नाही. बँडचं म्हणणं असं की आशय आणि मुखपृष्ठ यांवर पूर्ण हक्क आपला ठेवला, आणि ज्याच्यापर्यंत पोचायचं तो मुलगा गावातल्या मॉलमधल्या दुकानातच कॅसेट घेतो. मी या वादात बँडच्या बाजूचा आहे, पण आरोप फोल होता असं मी म्हणणार नाही. त्याच काळात 'फुगाझी' हा वॉशिंग्टनचा बँड स्वतःच्याच कंपनीतून रेकॉर्ड काढून, तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवून जगभर फिरून दाखवत होता. दुसरा रस्ता होता. रेजने तो घेतला नाही. मात्र त्यांनी तो घेतला असता तर भारतात केबल टीव्हीवर एमटीव्ही बघत वाढलेल्या आमच्या पिढीच्या कानांवर हे गाणं वेळेत पडलं नसतं.

निर्माता गार्थ रिचर्डसन. ध्वनिमुद्रणाचं बरंचसं काम व्हॅन नाइसच्या 'साउंड सिटी' स्टुडिओत झालं. तिथे मित्रमंडळींना समोर बसवून, कार्यक्रमासारखे मोठे स्पीकर लावून बँड वाजला. ती हवा रेकॉर्डमध्ये उतरली आहे.

गिटारचं गुपित थोडं उलगडून सांगतो. इलेक्ट्रिक गिटारवर तारांखाली चुंबकाचे पिकअप असतात. कुठला पिकअप चालू ठेवायचा हे ठरवणारी एक छोटी खुंटी असते, तिला टॉगल स्विच म्हणतात. दोन्ही पिकअपना वेगवेगळं व्हॉल्यूमचं बटण असेल तर एकाचं व्हॉल्यूम शून्यावर नेता येतं. मग खुंटी एका बाजूला आवाज आणि दुसऱ्या बाजूला शांतता अशी होते. मोरेलो उजव्या हाताने ती खुंटी झपाट्याने मागे-पुढे करतो आणि डाव्या हाताने तारांवरून तळवा घासतो. झालं, तबकडी घासल्याचा आवाज. १९९६च्या 'बुल्स ऑन परेड'मधला तुकडा अशाच घासण्यावर उभा आहे. कधी तो गिटारची वायर उपसून तिचं टोक हातावर टेकवतो आणि त्या खरखरीलाच ताल देतो. साधनं फार थोडी: पायाने आवाज बदलणारी व्हॅमी, वा-वा अशी मोजकी पेडलं आणि एक अँप्लिफायर. आवाज आणखी चांगला कसा लागेल या शोधात वेळ घालवणं त्याने एका टप्प्यावर बंद केलं, बटणं जिथे होती तिथे खुणा केल्या आणि पुन्हा म्हणून हलवली नाहीत.

आता 'किलिंग इन द नेम'ची बांधणी पाहा. त्यात शब्द इतके कमी की पोस्टकार्डावर मावतील. पोलिसांच्या वर्दीतले काही आणि क्रूस जाळणारे वंशद्वेष्टे हे एकच, हा त्याचा आशय. तो एकदा सांगितला जातो, पुन्हा सांगितला जातो, आणि मग गाणं बोलायचं थांबतं. रिफ उतरते, ड्रम खाली येतो, आणि हुकूम न मानण्याचं एकच वाक्य झॅक जवळजवळ स्वतःशी पुटपुटल्यासारखं म्हणू लागतो. सोळा वेळा. प्रत्येक आवर्तनात आवाज थोडा चढतो, विल्क झांज थोडी अधिक उघडतो, आणि शेवटच्या आवर्तनांत चौघंही फुटतात. वाक्यात शिवी आहे, म्हणून रेडिओवर ते जसंच्या तसं वाजणं अवघड होतं. पण शिवी काढून टाकली तरी गाणं टिकेल. चढणीचा तो हिशोब काढला तर टिकणार नाही. आपल्याकडे भजनात एकाच ओळीची लय वाढवत नेतात, तेव्हा अंगात जे होतं तेच इथे होतं.

अल्बमच्या मुखपृष्ठावर सायगाव इथे ११ जून १९६३ला स्वतःला जाळून घेणारे बौद्ध भिक्खू थिक क्वांग डुक आहेत. माल्कम ब्राऊन यांनी टिपलेलं छायाचित्र. दक्षिण व्हिएतनामचे कॅथलिक राष्ट्राध्यक्ष झिएम यांच्या सरकारकडून होणाऱ्या बौद्धांच्या छळाविरुद्ध हे आत्मदहन होतं. ज्वाळांच्या आत भिक्खू ताठ बसलेले आहेत. एवढा मोठा त्याग रेकॉर्ड विकायला वापरावा का, हा प्रश्न मला पडतो आणि त्याचं उत्तर मला पूर्णपणे बँडच्या बाजूने देता येत नाही. पण ते मुखपृष्ठ पाहून भिक्खूंचं नाव शोधायला गेलेले तरुण पुष्कळ आहेत, हेही खरं.

याच अल्बममधलं 'वेक अप' हे गाणं एफबीआयने कृष्णवर्णीय नेत्यांवर ठेवलेल्या पाळतीबद्दल, मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स यांच्याबद्दल आहे. १९९९मध्ये 'द मेट्रिक्स' चित्रपटाच्या शेवटी ते वाजलं. मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. ज्या ब्लॅक पँथर पक्षाला चिरडायला ती यंत्रणा राबली, त्याच्यावरून नाव घेऊन १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ आणि त्यांचे सोबती कवी होते, ही बाब इथे महत्त्वाची. रागाला भाषा हवी असते आणि ती घडवावी लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अल्बम अमेरिकेच्या खपाच्या यादीत पंचेचाळिसाव्या क्रमांकापलीकडे कधी गेला नाही. तो पसरला तो दौऱ्यांतून आणि तोंडोतोंडी, आणि आज एकट्या अमेरिकेत त्याचा खप तीस लाखांच्या घरात आहे. १९९३च्या 'लोलापालूझा' दौऱ्यात फिलाडेल्फियाला तर ते वाजलेच नाहीत. चौघं मंचावर नग्न उभे राहिले, तोंडावर चिकटपट्टी आणि छातीवर गाण्यांवर सेन्सॉरची लेबलं आणणाऱ्या संस्थेच्या नावाचं एकेक अक्षर. गिटार नुसत्या गुणगुणत होत्या. सुमारे पंधरा मिनिटं हे चाललं, आणि पैसे भरून आलेले श्रोते चिडले. त्या चाहत्यांसाठी बँडने नंतर फुकट कार्यक्रम केला, हे मला त्या निषेधाइतकंच मोलाचं वाटतं.

पुढचा प्रवास थोडक्यात. दुसरा अल्बम 'ईव्हिल एम्पायर' १९९६मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर आला. तोवर झॅक मेक्सिकोतल्या चियापासच्या बंडखोर झापतिस्ता आदिवासींकडे जाऊन आला होता आणि गाण्यांत मेक्सिको उतरलं होतं. त्याच वर्षी 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये धनाढ्य स्टीव्ह फोर्ब्स यजमान असताना अँप्लिफायरवर अमेरिकेचे उलटे झेंडे लावले म्हणून दुसरं गाणं वाजवू न देता त्यांना बाहेर काढलं. तिसरा अल्बम 'द बॅटल ऑफ लॉस एंजेलिस' १९९९चा. २६ जानेवारी २००० रोजी मायकल मूर यांच्या दिग्दर्शनाखाली बँडच्या एका गाण्याचं वॉल स्ट्रीटवर चित्रीकरण चाललं असताना न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराने दारं लावून घेतली. त्याच ऑक्टोबरमध्ये झॅक बाहेर पडला. आपसातलं पटेनासं झालंच होतं. या चौघांना एकत्र बसून निर्णय घेणं कधीच सोपं गेलं नाही.

मधल्या काळात त्यांच्या आवाजाची नक्कल करणारी मोठी फौज उभी राहिली. रॅप, जड गिटार, मोठ्या पँट. विक्री करोडोंची. त्यातले काही वादक उत्तम होते. पण त्या रागाला पत्ताच नव्हता. कुणावर चिडलो आहोत हे सांगता न आल्याने तो अनेकदा बायकांवर आणि दुबळ्यांवर निघाला. रेजचं ऋण मान्य करताना हा हिशोबही मांडायला हवा.

२००९च्या नाताळात ब्रिटनमध्ये एसेक्समधल्या एका जोडप्याने मोहीम काढली. टीव्हीवरच्या 'एक्स फॅक्टर' स्पर्धेतला विजेता सलग चार वर्षं नाताळचा पहिला क्रमांक पटकावत होता. तो यंदा त्याला मिळू द्यायचा नाही, सगळ्यांनी 'किलिंग इन द नेम' विकत घ्यायचं. पाच लाखांहून अधिक जणांनी ते घेतलं आणि सतरा वर्षांपूर्वीचं गाणं पहिलं आलं. दोन्ही गाण्यांचा पैसा अखेर सोनीकडेच गेला, हे त्याच आठवड्यात लोकांनी दाखवून दिलं, आणि ते बरोबरच होतं. पण मोहिमेने बेघरांसाठी काम करणाऱ्या 'शेल्टर' संस्थेसाठी निधीही उभा केला, आणि ६ जून २०१० रोजी लंडनच्या फिन्सबरी पार्कात बँडने दिलेला शब्द पाळून फुकट कार्यक्रम केला.

धागा भारतापर्यंतही आला. दिल्लीचा 'ब्लडीवूड' हा बँड मेटलला ढोल आणि रॅप जोडतो. २०१९मध्ये ते जर्मनीच्या 'वाकन' महोत्सवात वाजले. त्या युरोप दौऱ्यावरच्या माहितीपटाचं नावच 'राज अगेन्स्ट द मशीन'.

रेजचा शेवटचा दौरा २०२२चा. शिकागोत झॅकचा पाय दुखावला आणि पुढचे कार्यक्रम त्याने मंचावर बसून केले. बसूनही आवाज तोच होता. उरलेला दौरा रद्द झाला आणि २०२४च्या जानेवारीत विल्कने बँड पुन्हा वाजणार नाही असं जाहीर केलं. मूळ रचनांचे तीन आणि इतरांच्या गाण्यांचा एक, एवढेच स्टुडिओ अल्बम आहेत. ज्यांनी काहीच ऐकलेलं नाही त्यांनी पहिल्यापासून सुरुवात करावी, हेडफोन लावून. पहिल्या खेपेला गिटारकडे आणि शब्दांकडे दुर्लक्ष करून फक्त कॉमरफर्डचा बास ऐकावा, आणि दुसऱ्या खेपेला झॅक कुठे थांबतो ते.